आपल्या वस्तीतल्या शिक्षणावर आपणच संशोधन करायचं, ते कसं

रविवारी दुपारी आमच्या नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीच्या समाजमंदिरात जी पोरं जमतात, त्यांच्यात एफवायला असलेली आहेत, आयटीआयवाली आहेत, महापे एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी एक मुलगी आहे आणि नववीत शाळा सुटल्यावर एपीएमसी मार्केटमध्ये वडिलांच्या हाताखाली लागलेला एक मुलगा आहे. वस्तीतली मुलं शाळेत मागे का पडतात, मध्येच का गळतात, याची माहिती ही मंडळी घरोघर जाऊन स्वतः गोळा करतात. मी इथेच वाढले, आता नोकरी सांभाळून त्यांच्यासोबत बसते. दिघा, कळवा, लोकमान्य नगर अशा ठिकाणची मुलं विचारतात, "ताई, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

संशोधनाला मोठी डिग्री लागते असं समजून बरेच जण आधीच मागे सरतात. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती जेमतेम १४ वर्षांची होती. पुढे १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हिशेब मांडला होता: महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो, तेव्हा निदान १२ वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मुक्ताने सोसलेलं सांगितलं, जोतीरावांनी आकडा मांडला. आपल्याला दोन्ही करायचं आहे. त्यातलं पहिलं वस्तीतल्या मुलांकडे भरपूर असतं, दुसरं शिकून घेता येतं.

गट जमवताना

पाच-सहा जण पुरेत. त्यात निदान दोघं शाळा मध्येच सुटलेली हवीत, आणि प्रश्न ठरवायला बसताना ती तुमच्या बरोबरीने हवीत. आमच्या गटात कॉलेजच्या मुलांनी यादी केली ती फी, क्लास, मोबाइल, अभ्यासाची जागा अशी. मार्केटमध्ये काम करणारा मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "शाळेतनं नाव गेल्यावर घरी कुणी विचारायला आलं होतं का, हे लिहा की." हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, कारण आमची नावं कधी गेलीच नव्हती. पुढे घरोघर फिरताना आयांनी सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर दिला.

मुली निम्म्या तरी असू द्या. दारात फक्त मुलगे उभे राहिले तर घरातली बाई पदर सावरून "ते आले की या" म्हणते आणि विषय संपतो. भाषेचाही विचार करा. आमच्या वर दगडखाणीच्या अंगाला घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, वडारी, कन्नड बोलतात; मुंब्र्यात उर्दू-हिंदी, दिघ्याला भोजपुरी. त्या भाषेतलं एक तरी माणूस गटात नसेल तर तुमच्या वहीत फक्त मराठी नीट येणाऱ्या घरांची उत्तरं जमतील, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच सुटतील.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत घरं पालथी घाला. फेब्रुवारी-मार्चला बोर्डाच्या परीक्षा लागतात, तेव्हा कुणाच्या दारात उभं राहू नये.

प्रश्न लहान करा

"गरीब मुलांचं शिक्षण मागे का पडतं?" या प्रश्नाने कामाला लागलात तर महिनाभरात थकाल. "आजकालची मुलं अभ्यास का करत नाहीत?" हा तर यादीतून काढूनच टाका. तो विचारण्याआधीच दोष मुलाच्या माथी मारून मोकळा झालेला असतो.

मी दोन गोष्टी तपासून बघते. ज्यांना उत्तर माहीत आहे ती माणसं आपल्याला पायी जाऊन भेटता येतील का? आणि उत्तर हाती आल्यावर ते कुणाच्या टेबलावर ठेवायचं हे आज सांगता येतं का? दोन्हीला हो असेल तर प्रश्न धरायचा.

आमचा प्रश्न असा ठरला: आपल्या वस्तीतली जी मुलं गेल्या वर्षी आठवी झाली, त्यातली कोण नववीत गेली नाहीत आणि मध्ये नेमकं काय आडवं आलं? हीच जागा का धरली तेही सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देतो. त्यापुढे त्या कायद्याचा हात सुटतो. बऱ्याच प्राथमिक शाळा सातवी-आठवीलाच थांबतात, मग पोराला नवी शाळा शोधायची, शाळा सोडल्याचा दाखला काढायचा, गणवेश बदलायचा, बहुधा लांबही जायचं. ज्या घरात हे सगळं करायला मोकळा माणूस नाही, तिथे पोरगं जून महिनाभर घरी बसतं. जुलैत ते कुठेतरी कामाला लागतं.

तुमच्याकडे प्रश्न वेगळा असेल. येऊरच्या पाड्यावरच्या मुलांचे पावसाळ्यात किती दिवस बुडतात? मुंब्र्यात उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलींनी अकरावीला कुठली शाखा घेतली, आणि कुठली घ्यायची होती? शाळा मध्येच सुटलेल्यांपैकी किती जणांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं हे माहीत होतं? शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांमधल्या, गरीब-वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा हाही चांगला विषय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या सगळ्या गोंधळात आपल्या गल्लीतल्या कुणी अर्ज केला, कुणी सोडून दिला आणि कुणापर्यंत बातमीच आली नाही, हे फक्त गल्लीतलीच मुलं शोधू शकतात.

घराबाहेर पडण्याआधी

आधी जे छापलेलं आहे ते वाचा. प्रत्येक शाळेला यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीचा, ११ अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की इयत्तावार पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, रॅम्प अशी माहिती दिसते. तिच्या शेजारी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातले निकष ठेवा: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. कुठे कमी पडतंय ते दहा मिनिटांत कळतं.

हे आकडे शाळेनेच भरलेले असतात, हे मात्र ध्यानात असू द्या. मुलींचं स्वच्छतागृह 'आहे' असं तिथे लिहिलेलं असेल. मधल्या सुट्टीत त्याला कुलूप असतं का, आत पाणी येतं का, आणि पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात का, हे शाळेतल्या मुलीच सांगतील. शिवाय आठवीचा पट आणि पुढच्या वर्षीचा नववीचा पट यांतला सगळा फरक म्हणजे गळती असं धरू नका. कुणी गावी गेलं असेल, कुणी दुसऱ्या शाळेत. तोच फरक तर दारोदार जाऊन उलगडायचा आहे.

मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे मोजणारा 'प्रथम' संस्थेचा असर अहवाल तुम्ही ऐकला असेल. २००५ पासून निघतो, पण तो ग्रामीण भागाचा. ठाणे-नवी मुंबईच्या वस्त्या त्यात येत नाहीत. म्हणून तुमच्या एका गल्लीच्या मोजणीलाही किंमत आहे.

विचारायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या पहिल्या प्रश्नावलीत होतं: "तू काही काम करतेस का?" मुलींनी सरळ "नाही" सांगितलं आणि आम्ही 'नाही' लिहिलं. तेव्हा त्यातल्या एका घरात, आम्ही बोलत होतो तिथेच, लसणाची गोणी उघडी पडलेली होती. मार्केटमधून लसूण येतो, बाया-मुली तो घरी बसून सोलतात, पैसे किलोवर. ती मुलगी आमच्याशी बोलताना हात चालवतच होती. नखांच्या कडा पांढऱ्या पडून सोललेल्या, बोटांना चिकट रस. तिच्या लेखी हे काम नव्हतंच, आईला मदत होती. मग आमच्यातल्या पॅकिंगवाल्या मुलीने खाली बसून दोन पाकळ्या उचलल्या आणि विचारलं, "काल शाळेतनं आल्यावर काय काय केलंस?" मग सगळं आलं: दप्तर टाकलं, पाणी भरलं, लहान भावाला आणलं, मग गोणी, जेवण, पुन्हा गोणी. आणि शेवटी, कुणी न विचारता: "लसणाने बोटं चरचरतात, पेन धरवत नाही, म्हणून गृहपाठ सकाळी करते." सकाळी पाणी येण्याच्या वेळेला.

तेव्हापासून आमचा नियम आहे की 'कालचा दिवस' विचारायचा. नेहमी काय करतेस म्हटलं की माणूस बरं दिसेल ते सांगतं. काल काय केलंस म्हटलं की आठवून सांगतं. "अभ्यासाला जागा आहे का?" याला सगळीकडे हो येतं. "काल रात्री आठ वाजता तू कुठे बसली होतीस, शेजारी कोण होतं, टीव्ही चालू होता का?" याला खरं उत्तर येतं. "शाळेला किती खर्च येतो?" याला पालक अंदाजे काहीतरी सांगतात. "शाळेसाठी शेवटचे पैसे कधी काढले, कशाला, कुठून आणले?" असं विचारलं तर रिक्षा, झेरॉक्स, प्रोजेक्टचं सामान, उसनवारी, सगळं निघतं.

आणखी एक, शाळेच्या वाटेवर मुलांसोबत चाला. शाळा भरायच्या वेळेलाच, त्यांच्या चालीने. ठाणे-बेलापूर रस्ता नकाशात एक रेघ आहे. सकाळच्या गर्दीत कंपन्यांच्या बस आणि ट्रेलरमधून तो ओलांडणारी सहावीतली मुलगी धाकट्याचा हात कुठे घट्ट धरते, कुठे पळते, कुठल्या टपरीसमोरून मान खाली घालून जाते, हे सोबत चालल्याशिवाय दिसत नाही. वहीत वाटेचं चित्र काढा आणि मुलांनाच त्यावर खुणा करू द्या.

आईला दुपारी गाठा, ती मोकळी असते तेव्हा. घरात दीर-सासरे बसलेले असतील तर मुलीच्या शाळेबद्दल ती वेगळं बोलते, एकटी असताना वेगळं. घाई करू नका, चहा दिला तर घ्या.

शिक्षकांनाही विचारा, आणि आरोप करायला आल्यासारखं नको. कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. "बाई, या महिन्यात वर्गाबाहेरच्या कामात किती दिवस गेले?" असं आपुलकीने विचारलं तर त्या मन मोकळं करतात. शाळाबाह्य मुलांसाठी बालरक्षक म्हणून काम बघणारे शिक्षक असतात, त्यांना आवर्जून भेटा. माझ्या पाहण्यात, कुठल्या घरातलं पोर कधी गळालं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि जी मुलं पुढे गेली त्यांच्याकडेही जा. त्याच गल्लीतली, तशाच घरातली मुलगी बारावीला पोहोचली, तर तिच्या वाटेत काय वेगळं होतं? कधी एखादी आत्या असते, कधी जवळ असलेली शाळा, कधी वेळेवर मिळालेला दाखला. उपाय बहुतेक वेळा इथेच सापडतो, तरी लोक हे विचारायचं विसरतात.

वाचनपातळी बघायची असेल तर असरच्या पद्धतीने अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या घेता येतात. पण बघ्यांच्या घोळक्यात कधीच नको. आठवीतल्या मुलाला शेजाऱ्यांदेखत दुसरीची गोष्ट वाचायला लावणं हा त्याचा अपमान आहे. ते जमत नसेल तर हा भाग सोडून द्या.

हे पाळायचंच

१८ वर्षांखालच्या कुणाशीही बोलण्याआधी आई-वडिलांची परवानगी आणि मुलाचीही. "नको" म्हटलं तर हसून निघायचं. शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांना आधी लेखी पत्र द्या. नाही म्हणाले तर फाटकाबाहेर मुलांना अडवून विचारू नका, वस्तीत भेटा.

वहीत नाव लिहू नका. घराला क्रमांक द्या, आणि कुठला क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या वहीत एकाच्याच घरी ठेवा. फोटो, रील, स्टोरी काही नाही. घराची पडझड आणि मुलाचा चेहरा एकत्र दिसणारा फोटो तर कधीच नाही; उद्या तो वर्गातल्या ग्रुपवर फिरतो आणि पोरगं शाळेत जायचं थांबतं.

जात विचारावी लागते, कारण शिष्यवृत्ती, वसतिगृह, दाखला सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. पण गल्लीत उभं राहून मोठ्याने विचारू नका. बोलणं संपताना आत बसून, "दाखला काढलाय का, कुठल्या प्रवर्गाचा?" एवढंच विचारा, आणि सांगायचं नसेल तर जागा रिकामी ठेवा.

मदतीचं आश्वासन देऊ नका. "आम्ही माहिती गोळा करतोय, एकत्र करून तुम्हालाच परत दाखवू" एवढंच म्हणा आणि ते पाळा. एखादं मूल मारहाणीचं किंवा लैंगिक अत्याचाराचं सांगू लागलं तर संशोधन तिथेच थांबवा. खोदून विचारू नका, गटातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. पॉक्सो कायद्याखाली मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणं बंधनकारक आहे, "कुणाला सांगू नकोस" असं वचन तुम्हाला देता येणार नाही. हे सगळ्या गटाला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

दाखल्यांकडे वेगळं लक्ष द्या

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण गरिबीच्या खात्यावर टाकलेल्या कितीतरी गोष्टी खरं तर कागदाच्या असतात. खाणीवर आलेली बंजारा किंवा वडार कुटुंबं घ्या. दोन्ही समाज विमुक्त जातींत येतात. जातीचा दाखला मिळवायला २१ नोव्हेंबर १९६१ किंवा त्याआधी आपले वाडवडील कुठे राहत होते याचा पुरावा लागतो, आणि दाखला त्या ठिकाणचा अधिकारी देतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता विचार करा: आजोबा शाळेत गेलेच नाहीत, शेत नव्हतं म्हणून सातबारा नाही, आणि गाव रात्रभराच्या प्रवासावर. दोन-तीन फेऱ्यांत बापाच्या आठवड्याच्या मजुरीवर पाणी पडतं. अकरावीच्या प्रवेशाला मुलगी खुल्या प्रवर्गात अर्ज भरते, आणि बाहेर सगळे म्हणतात की तिला मार्क कमी पडले.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत हे असू द्या: कुठला कागद मागितला, कुणी, कितव्यांदा परत पाठवलं, त्या दिवशीची मजुरी किती बुडाली. शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो तेही पाठ हवं. पहिली ते आठवीच्या प्रवेशाला वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही, हे कलम १४. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळतं, म्हणजे इथून गेलेलं मूल पुढच्या गावात बिनदिक्कत बसू शकतं. ते किती घरांना मिळालंय, हेच एक स्वतंत्र संशोधन होईल.

मोजणी

साधी वही चालते, गुगल शीट असेल तर उत्तम. एका ओळीत एक घर, एका रकान्यात एक प्रश्न. त्याच दिवशी रात्री भरा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. मुलांची स्वतःची वाक्यं जशीच्या तशी लिहा, शुद्ध करू नका.

टक्केवारीच्या मोहात पडू नका. समजा २४ घरं झाली आणि ९ घरांत मूल नववीत गेलं नाही, तर "२४ पैकी ९" असंच लिहा. ३७.५ टक्के म्हटलं की ते अख्ख्या नवी मुंबईबद्दल असल्यासारखं वाटतं आणि समोरचा अधिकारी पहिला तिथेच धरतो. मुली-मुलगे वेगळे मोजा, वस्तीत आधी आलेली घरं आणि नवी आलेली घरं वेगळी मोजा. आणि तुमच्या समजुतीच्या विरुद्ध जाणारं उत्तर आलं तर ते सगळ्यात वर लिहा. आम्हाला वाटायचं की मुली लग्नामुळे गळतात. वहीत आधी अंतर आणि घरातलं धाकटं भावंड आलं. लग्नाचं नाव त्यानंतर निघालं, मुलगी वर्षभर घरी बसल्यावर.

आधी वस्तीत, मग कार्यालयात

ज्यांनी उत्तरं दिली त्यांना पहिल्यांदा दाखवा. चादरीएवढ्या कापडावर मोठ्या अक्षरात आकडे, हॉलमध्ये सतरंजी, रविवारी संध्याकाळी. बाया आकडे दुरुस्त करतात, "आमच्या ओळीत तीन नाही, चार पोरं आहेत" म्हणतात. ती दुरुस्ती घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी नाटिका बसवा. ठाण्यात रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्थेने सुरू केलेल्या वंचितांच्या रंगमंचावर वस्तीतली मुलं आपल्याच विषयांवर नाटिका करतात, तशी एखादी जाऊन बघा. दहा मिनिटांत जे पोहोचतं ते दहा पानांत पोहोचत नाही.

मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असायला हव्यात. आपल्या गल्लीतली कुठली आई त्या समितीत आहे ते शोधा, तिच्यासोबत बसून मुद्दे तयार करा आणि सभेत तिलाच बोलू द्या.

आकड्यात भोक राहिलं असेल तर माहितीचा अधिकार वापरा. महापालिकेच्या शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. "मुलं का गळतात?" असं विचारलंत तर काहीच मिळणार नाही, कारण तिथे फक्त नोंदी मागता येतात. असं लिहा: "सन २०२३-२४ मध्ये सदर शाळेत इयत्ता आठवीच्या पटावरील विद्यार्थी, मुले व मुली स्वतंत्र, आणि त्या वर्षअखेर देण्यात आलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची संख्या मिळावी."

शेवटी निवेदन. एक पान, एक मागणी. दहा मागण्यांचं पत्र फायलीला लागतं आणि तिथेच राहतं. "वस्तीतून शाळेच्या वेळेला एक बस", "जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वस्तीतच दाखल्यांचं शिबिर", "मुलींच्या शाळेजवळ दिवसभराचं पाळणाघर", अशी एक. मागे तुमचा आकडा, मुलांची दोन-तीन वाक्यं, आणि कायद्याचं कलम असेल तर तेही. मागणी करताना संकोच करू नका. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलवर फिरणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेने २०१६ मध्ये कंटेनरमध्ये शाळा सुरू केली. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, शाळा मुलांपाशी गेली. म्हणजे हे होऊ शकतं.

निवेदन देताना दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पैशाशी संबंधित मागणी असेल तर महापालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जाण्याआधी पोहोचवा; ते साधारण फेब्रुवारीत येतं, म्हणजे घरं डिसेंबरातच उरकून तुमचं पान जानेवारीत तयार हवं. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून चौकशी करा, आणि दर वेळी गटातलं वेगळं माणूस पाठवा, म्हणजे सगळ्यांना कार्यालयात बोलायची सवय होते.

जूनमध्ये नववीचे प्रवेश संपले की त्याच क्रमांकांच्या घरी परत जा आणि तेच प्रश्न विचारा. यंदा आठवी झालेली नवी मुलं यादीत घाला. दाखल्यासाठी अडलेलं एखादं घर भेटलं तर त्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्यासोबत सेवा केंद्रात जा, शाळेत उशिराचा प्रवेश मिळवायला अजून वेळ आहे का ते मुख्याध्यापकांना त्याच दिवशी विचारा, आणि वहीत त्या घरापुढे तारीख टाका.